कर्णिकांची कुंडी

अख्खा लाल भोपळा पोटाशी धरून मी शेजारच्या कर्णिकांची बेल वाजवली. माझ्या मांजरीने, ठमीने, त्यांच्या मोगऱ्याच्या कुंडीत घाण केल्यापासून आमचं बोलणं बंद होतं.

“एवढा चिरून द्या,” मी म्हटलं. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. आणि आता घरात पुरुष नाही.

“भाजीला?”

“ठमीला. थायरॉइडचं दुखणं आहे तिला, त्यात पोट साफ होत नाहीये. नुसती कुंथते आणि रडते. डॉक्टर म्हणाले, उकडलेला भोपळा जेवणात कालवा. उद्यापर्यंत शी झाली नाही, तर दवाखान्यात ठेवावी लागेल.”

कर्णिकांनी भोपळा चिरला, सालंही काढून दिली. दाराशी हळूच म्हणाले, “फार त्रास असतो हो त्याचा. मला विचारा.”

भोपळा कालवलेलं जेवण ठमीने चाटूनपुसून खाल्लं.

सकाळी पाहिलं, तर तिची मातीची पेटी कोरडी. ठमीही कुठे दिसेना. माझा जीव घाबरा झाला. तेवढ्यात पलीकडच्या गॅलरीतून कर्णिक ओरडले, “वहिनी, लवकर या! झाली!”

धावत गेले. ठमी त्याच कुंडीत ऐटीत माती लोटत होती. माझे हात आपोआप जोडले गेले, देवाला की कर्णिकांना, कोण जाणे.

“तुमचा मोगरा...” मी चाचरले.

“तो कालच दुसरीकडे लावला,” कर्णिक म्हणाले. “म्हटलं, हिची सवयीची जागा मोकळी असू दे.”