शनिवारचं वर्कशॉप

"नववीच्या मुलींना मशीन कशाला शिकवतायत? त्या कारखान्याला आयते कामगार पाहिजेत," म्हणत बाळासो लोहारांनी संमतीपत्र लेकीकडं परत सरकवलं.

याच कारखान्यात प्रेस मशीनखाली त्यांची दोन बोटं गेली होती. वर 'चूक माझीच' असं साहेबांनी त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. आता तोच कारखाना शाळेत वर्कशॉप चालवत होता.

तरी शनिवारी शिवानी 'नुसतं बघायला' म्हणून गेलीच. बाळासोही मागोमाग गेले आणि वर्कशॉपच्या खिडकीशी उभे राहिले. आत कारखान्याचा इंजिनिअर मुलींना ड्रिल मशीनजवळ बोलावत होता. मशीनच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढून भिंतीला टेकवलेली बाळासोंना दिसली. ते ओरडणार, एवढ्यात शिवानीच म्हणाली, "सर, आधी जाळी बसवा."

"अगं, दोन मिनिटांचं काम. काही होत नाही."

"माझ्या पप्पांनाही असंच सांगितलं होतं."

ती मागं सरकली. तिच्याबरोबर एकेक करत सगळ्या मुली सरकल्या. इंजिनिअरनं बंद मशीनकडं पाहिलं, मुलींकडं पाहिलं आणि पाना उचलला.

शेवटचा बोल्ट आवळून होईपर्यंत बाळासो खिडकीशीच थांबले. मग आत जाऊन त्यांनी शिवानीकडून संमतीपत्र मागून घेतलं आणि सही केली.

"ही सही हिच्या भरवशावर केलीय, तुमच्या नाही," ते इंजिनिअरला म्हणाले. "दर शनिवारी मी इथं येऊन बसणार."