फुगडीसाठी पट्टी

हसता-खोकताना लघवी सुटायची, म्हणून ऑपरेशन करून मूत्रमार्गाला आधार द्यायला आत जाळीची पट्टी बसवून घेताना कुमुदवहिनींनी हिशेब मांडला होता: पोटभर हसता येईल, शिवाय मंगळागौरीत फुगडी घालता येईल. बारा वर्षं दोन्ही मिळालं.

यंदा डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेकींची टिकते, काहींना पुन्हा त्रास होतो." तेव्हापासून वहिनी शिंकसुद्धा धास्तीने दाबत.

"वहिनी, हात धरा! भावोजींचा धरता त्याहून घट्ट!" म्हणत धाकट्या जाऊबाईंनी त्यांना फुगडीला ओढलं. गिरक्या वाढल्या, आणि मांड्यांना ओल जाणवली. सगळ्या बायकांसमोर! वहिनींनी घाबरून हात सोडले, आणि जाऊबाई कुठे आदळल्या ते न बघताच न्हाणीघर गाठलं.

नऊवारी चाचपली. निव्वळ घाम होता. पट्टी शाबूत, अब्रू शाबूत; मोडलं ते जाऊबाईंचं मनगट.