सात नंबरच्या गाडीची निवृत्ती

जाण्याच्या आदल्या दिवशीही दत्ताराम पेडणेकर कारशेडमधल्या सात नंबरच्या लोकलशी तासभर बोलले आणि घरी मुलीशी, हेमांगीशी, नेहमीसारखे गप्पच. त्या गाड्या बोलायच्या आणि ज्याने त्यांना सांभाळलं त्याचंच ऐकायच्या.

महिन्याभराने, पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर, सात नंबर भंगारात निघाली. पण जागची हलेना, तेव्हा फोरमनने हेमांगीला बोलावून घेतलं.

"ताई, तुम्हीच समजवा," फोरमन वैतागला. "सकाळपासून एकच धोशा, पेडणेकर कुठेत?"

"मी काय हिची मावशी आहे?" हेमांगी चरफडत आत चढली.

"पेडणेकर रजेवर आहेत?" गाडीने विचारलं. "हेमांगी आजारी आहे का? एरवी ते रजा घेत नाहीत."

हेमांगीने दांडी घट्ट धरली. तेराव्यालाही जे तिच्या तोंडून निघालं नव्हतं, ते ती गाडीला म्हणाली,

"बाबा गेले गं."