इस्तारीच्या घरची शाळा

दादाजी मास्तरांनी छडी मांडीवर आडवी ठेवली आणि आवाज चढवला.

"इस्तारी, शेवटचं सांगून राह्यलो. उद्यापासून पोरगी शाळेत आली पायजे."

इस्तारी धीवर ओसरीत बसून जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नाई येनार, मास्तर. थे घरीच शिकते."

मास्तरांचं डोकं तडकलं. आलापल्लीच्या पुढच्या या गावात बदली होऊन आल्यापासून शाळेत पोरांपेक्षा शेळ्याच जास्त यायच्या. साहेबांनी बजावलं होतं, पोरं जमली नाहीत तर शाळा बंद आणि नोकरीही बंद. गावातले धीवर इस्तारीच्या शब्दाबाहेर नव्हते. त्याची पोरगी आली, की बाकीची पोरं आपोआप येणार होती. म्हणून तर मास्तर भर दुपारी गाव सोडून तळ्याकाठच्या या एकट्या घराशी आले होते.

पोरगी का येत नाही, हेही त्यांना गावानं सांगितलं होतं. आधीच्या नत्थू मास्तरानं इस्तारीच्या थोरल्या पोराला, डोमाला, पाढा चुकला म्हणून शाळेच्या खांबाला बांधून मारलं होतं. पाठीची सालटी निघाली, तोंडातून रक्त आलं, तरी त्याचा हात थांबला नाही. पोरगं तापानं फणफणलं, ते त्या तापातून उठलंच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नत्थू मास्तराला तळ्याच्या पाळीवर वाघानं नेलं. रक्तानं भिजून कडक झालेला सदरा तेवढा सापडला. चिखलात वाघाची पावलं होतीच. ती तिथं बाराही महिने असतात. गावानं सदरा जागच्या जागी पुरून वर दगडांची रास केली. अशा राशीवर येणाराजाणारा एक दगड टाकतो आणि ती कुणी उकरत नाही. उकरणाऱ्याच्या मागे वाघ लागतो म्हणतात. चौकशीला आलेल्या हवालदारानंही मुकाट्यानं एक दगड टाकला आणि आल्या वाटेनं निघून गेला. आज इकडे येताना दादाजी मास्तरांनीही टाकला होता, आणि टाकून झपाझप पाय उचलले होते.

"हे पाय इस्तारी," मास्तर जरा नरमले, "थो नत्थू सैतान होता. वाघानं नेलं त्याले, बरं झालं. मी तसा नाई."

"मंग हे छडी काऊन बाळगता?"

"धाकापुरती. पोराईले धाक पायजेच."

इस्तारीची बायको कुंता भाताची थाळी घेऊन मधल्या खोलीकडे गेली. भातावर मासोळीचा रस्सा होता. दाराला कडी बाहेरून होती. ती काढून कुंता आत गेली, रिकाम्या हातानं बाहेर आली आणि कडी पुन्हा घातली.

"देवाचं ताट हाये," मास्तरांकडे न बघता ती म्हणाली.

धीवरांच्या देवाला मासोळी चालते, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांचं लक्ष इस्तारीकडे होतं.

"घरी शिकते म्हनतोस. तुले त स्वतःचं नाव लिहिता येत नाई. बोलाव पोरीले, पाहू दे काय शिकली थे."

गोकुळा आली. चुणचुणीत पोरगी. मास्तरांनी पिशवीतलं पुस्तक उघडून पुढं केलं आणि तिनं पान घडाघडा वाचलं. जोडाक्षराला अडखळली नाही, जिथं थांबायचं तिथं थांबली. मास्तर आ वासून ऐकत राहिले. असं वाचन त्यांनी चांद्याच्या मोठ्या शाळेतही ऐकलं नव्हतं.

"कोनं शिकवलं तुले?"

"मी घरीच शिकले, गुरुजी," ती म्हणाली आणि तिनं बापाकडे पाहिलं. बोलणं अगदी छापील.

शाबासकी द्यायला हवी होती. पण मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली आणि लाजेचा राग झाला.

"सतरा साते?"

गोकुळा ओठ चावत राहिली. "एकशे... नऊ?"

छडी हवेत कधी गेली ते मास्तरांनाही कळलं नाही. पोरीच्या तळहातावर ती सपकन बसली आणि कातडी फाटून रक्ताची रेघ उमटली. गोकुळा रडली नाही. ती नुसती चकित होऊन हाताकडे बघत राहिली. तिच्यावर आजवर कुणी हात उगारलाच नव्हता.

चुलीपाशी कुंताच्या हातातलं भांडं पडलं. इस्तारीनं जाळं बाजूला ठेवलं. मास्तर ओसरीच्या कडेला सरकले.

"हिचं गनित कच्चं हाये," इस्तारी शांतपणे म्हणाला. "मले मालूम हाये. तुमचं कसं हाये, मास्तर?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "माझं? गनितात साऱ्या जिल्ह्यात माझा हात धरनारा नाई."

"पावकी, निमकी, हिशेब, सारंच शिकवता?"

"डोळे झाकून."

"बेस झालं. इथी येताना कोनी भेटलं का?"

"कोन भेटनार? सारं गाव त बाजाराले गेलं."

इस्तारी उठला. भिंतीला टेकवलेला डोंगा ढकलायचा बांबू त्यानं उचलला. तळ्यावर निघाला असेल, असं मास्तरांना वाटलं. पहिला टोला गुडघ्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसरा छडीच्या हातावर. ते ओरडले, खाली कोसळले, ओसरीवरून सरपटू लागले, तेव्हा कुंतानं त्यांचे पाय धरून मागं ओढलं. मग डोक्यात काहीतरी फुटलं. कुणीतरी अंगातला सदरा ओरबाडून काढतंय, एवढंच त्यांना शेवटी कळलं.

शुद्ध आली तेव्हा अंधारी खोली होती. पायात लोखंडी साखळी होती. कौलांच्या फटीतून आलेल्या उजेडात समोरच्या कोपऱ्यात एक हाडांचा सापळा झालेला दाढीवाला माणूस बसला होता. त्याच्याही पायात साखळी होती. उजव्या हाताची बोटं मोडून वेडीवाकडी सांधलेली होती. मास्तरांनी किंकाळी फोडायला तोंड उघडलं.

"ओरडू नका. मी पुष्कळ ओरडलो," तो माणूस म्हणाला आणि त्यानं अर्धी उरलेली भाताची थाळी त्यांच्याकडे सरकवली. "जेवून घ्या, गोकुळा येईल आता. मी नत्थू मास्तर. मराठी माझ्याकडे आहे, गणित तुम्ही घ्या."