शुक्रवारचा गूळ

धाकट्या जावेनं, शैलश्रीनं, आठवड्याच्या सातही रात्रींचा स्वयंपाक आधीच ठरवून कागद फ्रीजवर लावला. मामंजी तर येईल त्याला तो कौतुकानं दाखवायचे. वीस वर्षं या घरात मी रांधलं, पण माझ्या हातच्या चवीबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

मी दुरूनच कागद वाचला. शुक्रवारी शेंगदाणे-गुळाची शेंगापोळी होती.

"शुक्रवारी मी गूळ खात न्हाई," मी म्हणाले. "व्रत हाय माझं."

"कधी धरलाव, अक्का?"

"लई दिवस झाले. तू काल आलीस, तुला काय ठावं?"

गळ्यातल्या इष्टलिंगावर हात होता माझा, तरी खोटं बोलताना जीभ अडखळली नाही.

शैलश्रीनं शेंगापोळीवर काट मारली आणि पेन तसंच धरून विचारलं, "मग तुमच्यासाठी दुसरं काय लिहू? एकेकाच्या आवडीला एकेक वार दिलाय. शुक्रवार तुमचा व्हता. शेंगापोळी तुम्हाला लई आवडती, असं मामंजींनीच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजेला बसले आणि शुक्रवारचा गूळ खरोखरच सोडला.