शेवटचा नंबर

वॉर्डातल्या मुलांच्या इच्छा पुरवणारे जादूकाका चाकांच्या बुटांचा खोका नाचवत आले आणि चिमीने चादर डोक्यावर ओढली. “अगं, या बुटांसाठी महिनाभर माझं डोकं खाल्लंस!” “आधी बाकीच्यांना द्या.” “एवढं मोठं मन कधीपासून गं?” चादरीतून आवाज आला, “खिडकीजवळच्या दादाला आगगाडी दिलीत, दुसऱ्या दिवशी त्याची खाट रिकामी. छोटीला बाहुलीघर दिलंत, तीपण गेली.” “दोघं बरी होऊन घरी गेली,” काकांनी थाप मारली. “अनवाणी? चपला खाटेखालीच होत्या त्यांच्या.” चिमीने डोळ्यांपुरती चादर उतरवली. “मी बरी होतेय, आई म्हणते. घाई नाही मला. माझा नंबर शेवटी लावा.” “लावला.” काकांनी खोका पाठीमागे लपवला. दारात आई उभी होती. सकाळी तिनेच फोन केला होता, “बूट आजच आणा, उद्यावर टाकू नका.”