यंत्राचा बैल

"वेणूताई, प्या हो! वाटाण्याचंच प्रोटीन आहे," चंद्रवस्तीचे डॉक्टर रेगे पावडरचा पेला पुढे करत म्हणाले. "इथे स्नायू झिजतात. ताकद मोजायचा हा दांडा तळापर्यंत दाबता आला नाही, तर पृथ्वीवर लेकीच्या बाळंतपणाला जाता येणार नाही."

"तुमचं शेत बैल नांगरतो. ऋषिपंचमीचा नेम मी वर्षभर धरलाय. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही."

"अहो, तो यंत्राचा बैल!"

"राबतो ना? मग बैलच."

वर्षभर वेणूताईंनी खिडकीतल्या वाफ्यात खुरप्याने माती उकरून पावटे पिकवले होते आणि त्यांचंच पीठ खाल्लं होतं. त्यांनी पदर खोचला आणि दांडा खाडकन तळाला नेला.

"पास लिहा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि आज त्या बैलालाही सुट्टी द्या."